कमला सोहोनी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी बी.एस्सी.च्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. दरवर्षी विज्ञान दिनाला कमलाबाईंवर बोलते. बोलून झालं की बिस्किटाचा रिकामा पत्र्याचा डबा फिरवते आणि मुलं त्यात चिठ्ठ्या टाकतात. समोर उभं राहून विचारायला लाजणारी लेकरं चिठ्ठीवर भरभरून लिहितात. बरेच प्रश्न दरवर्षी तेच येतात, म्हणून त्यांची उत्तरं एकदाची लिहून काढली. काही प्रश्न पालकांचे आहेत, एक-दोन आमच्याच स्टाफरूममधले.

त्या नेमक्या कोण? थोडक्यात सांगा.

जीवरसायनशास्त्रज्ञ, म्हणजे बायोकेमिस्ट. जन्म १९११, इंदूरचा. माहेरच्या कमला भागवत. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी., बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमधल्या संशोधनावर एम.एस्सी., केंब्रिजची पीएच.डी. पुढं दिल्ली, कुन्नूर आणि मग मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक, शेवटी तिथल्याच संचालक. १९९८ साली गेल्या.

दुर्गा भागवतांशी काही नातं?

सख्ख्या बहिणी. दुर्गाबाई थोरल्या. १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीला उघड विरोध करणाऱ्या त्याच दुर्गाबाई. समोरच्याच्या पदाचा मान ठेवायचा, पण त्याला भ्यायचं नाही, हे त्या घरातच असावं असं मला वाटतं. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघंही रसायनशास्त्र शिकलेले, तेही टाटा इन्स्टिट्यूटमध्येच. म्हणजे कमलाबाई बंगळूरला गेल्या त्या अनोळखी दारात नव्हे, बापाच्या आणि काकाच्या जुन्या शाळेत. पुढं जे घडलं ते म्हणूनच जास्त लागलं असणार.

सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला, हे खरं की व्हॉट्सॲपवरचं?

खरं आहे. कमलाबाईंनी स्वतः म्हातारपणी ते सांगितलं, आणि चांगलं खणखणीत सांगितलं.

१९३३ साल. बी.एस्सी.ला मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या. अर्ज टाटा इन्स्टिट्यूटला, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला. त्याच वर्षी रामन तिथं संचालक म्हणून आले होते, आणि १९३०चं नोबेल त्यांच्या नावावर होतं. उत्तर आलं: नाही. मार्क कमी पडले नव्हते. मुलगी आहे, एवढंच कारण.

वडिलांनी आणि काकांनी शब्द टाकून पाहिला, उपयोग झाला नाही. मग ही बाविशीतली मुलगी बंगळूर गाठून थेट संचालकांपुढं उभी राहिली आणि कारण विचारू लागली. आमच्याकडच्या शाळांतल्या नाटुकल्यांत या प्रसंगाला फलक, घोषणा, मागं देशभक्तीचं गाणं असा थाट असतो. तो थाट आपल्या मनचा. प्रवेश मिळेपर्यंत हटायचं नाही, एवढाच तिचा सत्याग्रह होता आणि तो पुरला.

प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणलं जाणार नाही. काम पसंत पडलं तरच पुढचं बघू. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत थांबायचं. आणि तिच्या असण्यानं इतरांचं, म्हणजे मुलांचं, लक्ष विचलित होता कामा नये.

ही शेवटची अट वाचून दाखवली की वर्गात मागच्या बाकावरून हमखास हसू येतं. मुली हसत नाहीत. एका वर्षी एका मुलीनं चिठ्ठीवर फक्त एवढंच लिहिलं होतं: "मॅडम, आमच्या हॉस्टेलच्या नियमांतबी हेच लिहिलंय." नाव घातलं नव्हतं तिनं. मी ती चिठ्ठी मोठ्यानं वाचली आणि डब्यात परत टाकली.

वर्ष सरलं. काम इतकं चोख होतं की रामन यांना तिला नियमित करावं लागलं, आणि त्यानंतर संस्थेची दारं मुलींना उघडली. पण हा अपमान कमलाबाई विसरल्या नाहीत. रामन थोर वैज्ञानिक होते पण मनानं कोते होते, नोबेल मिळवलेला माणूसच असा वागतो तर बाकीच्यांकडून काय धरायचं, या अर्थाचं त्या साठ वर्षांनंतरही बोलल्या.

मग रामन यांच्याच दिवशी त्यांच्यावर व्याख्यान कशाला? मुद्दाम का?

हो, मुद्दाम. (हा प्रश्न स्टाफरूममधला.)

२८ फेब्रुवारी १९२८ला रामन परिणामाचा शोध लागला, म्हणून तो राष्ट्रीय विज्ञान दिन. रामन परिणाम मी बी.एस्सी.ला शिकवते आणि मनापासून शिकवते. प्रकाश रेणूवर आदळून विखुरतो तेव्हा त्यातल्या थोड्याशा प्रकाशाची तरंगलांबी बदलते, हे त्या माणसानं आजच्या मानानं किरकोळ साहित्यावर दाखवलं. त्यात मला कुठंच खोट काढायची नाही. पण पोरांना एकाच दिवशी दोन्ही गोष्टी कळाव्यात. "मग रामन वाईट होते का ओ?" असं विचारतात. मी म्हणते, भौतिकशास्त्रात अव्वल, या एका बाबतीत नापास. पुढं त्यांच्या प्रयोगशाळेत ॲना मणी यांच्यासारख्या मुलींनीही काम केलं. म्हणजे एटीकेटी सुटली म्हणा हवं तर.

त्या काळात मराठवाड्यातल्या मुलीला हे जमलं असतं का?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो आणि याचं उत्तर देताना माझा घसा बसतो.

१९३३ साली आपण मुंबई इलाख्यात नव्हतो. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे सगळे जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात. विद्यापीठ म्हणायचं तर हैदराबादचं उस्मानिया, १९१८चं, आणि तिथं शिकवायचं माध्यम उर्दू. औरंगाबादला १९२३ साली इंटरपर्यंतचं कॉलेज निघालं होतं. म्हणजे घरात मराठी बोलणाऱ्या मुलीनं आधी उर्दूत विज्ञान शिकायचं, मग इंटरसाठी औरंगाबाद, मग पदवीसाठी हैदराबाद. घरातून सोडलं तर. कमलाबाईंना एका संचालकानं अडवलं. आपल्याकडच्या मुलीची गाठ संचालकापर्यंत पडलीच नसती. माझ्या आजोबांचं मॅट्रिक उर्दूतलं. आजीची शाळा चौथीला सुटली, कारण पाचवीची शाळा दुसऱ्या गावात होती.

१७ सप्टेंबर १९४८ला संस्थान मोकळं झालं. १९५०ला औरंगाबादेत डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं मिलिंद महाविद्यालय निघालं, त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज. मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झालं ते २३ ऑगस्ट १९५८ला. तारखा अशा शेजारी मांडल्या की हिशोब कळतो. आपल्याकडं विद्यापीठाचं कुलूप उघडलं तेव्हा कमलाबाई मुंबईत जीवरसायनशास्त्राचे संशोधक घडवत होत्या.

केंब्रिजमध्ये त्यांनी शोध काय लावला? परीक्षेत लिहिण्यापुरतं सांगा.

परीक्षेपुरतं: वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असतं, हे त्यांनी बटाट्यावर काम करताना दाखवलं.

आता समजण्यापुरतं. आपण खाल्लेल्या अन्नातली ऊर्जा पेशीत एकदम भडका उडून बाहेर पडत नाही. इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं असे सरकत जातात आणि शेवटी ऑक्सिजनला मिळून पाणी तयार होतं. विहिरीवरून बादल्या हातोहात पुढं द्यायची रांग असते तसं. सायटोक्रोम-सी हा त्या रांगेतला एक हात. त्याच्या पोटात लोहाचा अणू असतो, तो इलेक्ट्रॉन घेतो आणि पुढं देतो. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली सायटोक्रोमवर मोठं काम केलं होतं. वनस्पतींच्या बाजूनं ती रांग जुळवायला कमलाबाईंनी हातभार लावला. बटाटा जमिनीखाली निवांत पडलेला दिसतो, पण श्वसन त्याचंही चालू असतं. पोत्यातले बटाटे उन्हाळ्यात गरम का होतात, याचं अर्धं उत्तर इथं आहे.

१९३९ साली रॉबिन हिल आणि के. भागवत या दोन नावांनी 'नेचर'मध्ये टिपण आलं. हे तेच हिल, ज्यांची 'हिल अभिक्रिया' प्रकाशसंश्लेषणाच्या धड्यात बारावीला पाठ करता.

आणि एक गोष्ट परीक्षेत येत नाही, पण सांगते. त्या केंब्रिजला पोहोचल्या तेव्हा सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत जागाच नव्हती. तिथं डेरेक रिश्टर नावाच्या संशोधकानं सांगितलं की माझं टेबल दिवसा तुम्ही वापरा, मी रात्री काम करीन. बंगळूरला रात्री थांबायची अट तिच्यावर घातली होती. इथं एक माणूस तिच्यासाठी स्वतः रात्रपाळीला गेला.

पीएच.डी.चा प्रबंध चाळीसच पानांचा? आमच्या सरांचा चारशे पानांचा आहे.

चाळीसच, टंकलेखन केलेली. केंब्रिजला गेल्यापासून चौदा महिन्यांत पूर्ण. सरांना विचारू नका.

पहिल्या भारतीय महिला पीएच.डी. त्याच ना? आमच्या जी.के.च्या पुस्तकात दुसरंच नाव आहे.

विज्ञानात पीएच.डी. ही पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री, असं कमलाबाईंबद्दल सगळीकडं छापलेलं असतं. पण जानकी अम्माळ या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातून १९३१ सालीच डी.एस्सी., म्हणजे डॉक्टर ऑफ सायन्स, मिळवली होती. उसाच्या जातींवर कोइमतूरला काम केलं त्या याच. आणि असीमा चॅटर्जींना १९४४ साली कलकत्ता विद्यापीठानं डी.एस्सी. दिली. भारतातल्या विद्यापीठाकडून ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या. पुढं १९६२ ते १९८२ त्या तिथं खैरा प्राध्यापक होत्या, आणि शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळालेल्या पहिल्या स्त्री त्याच, १९६१ साली.

म्हणजे पदवीचं नाव बदललं, देश बदलला की 'पहिली'ही बदलते. एमपीएससीच्या मुलांनी प्रश्नातला शब्दन् शब्द वाचावा. बाकीच्यांनी तिन्ही नावं लक्षात ठेवावीत, डोक्यात जागा आहे.

त्यांनी शिकवलं कुठं आणि काय?

कमलाबाई म्हटलं की लोक रामनच्या खोलीपाशी थांबतात. ती गोष्ट एका वर्षाची. शिकवण्याची गोष्ट त्यापेक्षा कितीतरी मोठी आहे आणि तीच कुणी विचारत नाही, म्हणून हा प्रश्न डब्यात आला नाही तरी मी स्वतःच विचारून घेते.

१९३९ला भारतात परत आल्या. स्वातंत्र्याची चळवळ जोरात होती, परदेशात राहायचं नाही हे मनाशी ठरलेलं. आधी दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग सांभाळला. मग निलगिरीतल्या कुन्नूरला पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक. ती प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला हलली. आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतात ती हीच. १९४७ साली लग्न होऊन त्या मुंबईत आल्या आणि तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

केंब्रिजहून आलेल्या बाईनं मुंबईत विद्यार्थ्यांना विषय काय द्यावेत? केंब्रिजचंच काम पुढं रेटता आलं असतं. त्यांनी दिले कडधान्यं, नीरा, धानाचं पीठ. बाजारात जाऊन पिशवीत घेऊन येता येतील असे नमुने. मला यात मास्तरकीची अक्कल दिसते. महागडं यंत्र नसलं तरी अडत नाही, नमुना पाहिजे तेव्हा मिळतो, आणि जे निघेल ते थेट गरिबाच्या ताटाशी जोडलेलं असतं. "आमच्याकडं इन्स्ट्रुमेंटच नाही, रिसर्च कशी करणार?" हे वाक्य मी पंचवीस वर्षं ऐकते आहे. मीही म्हटलंय. ज्या संध्याकाळी म्हटलं, त्याच दिवशी घरी तुरीची डाळ शिजत होती, आणि तुरीत काय काय असतं हे मला तरी कुठं पुरतं माहीत होतं?

ही सवय त्यांना बंगळूरचे मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांच्याकडून लागली असावी. ते शिस्तीचे होते, पण तिला त्यांनी मनापासून शिकवलं. मोठ्या वैज्ञानिकांचे मूळ लेख वाचायला लावले, त्यांना पत्रं लिहायला लावलं. दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवरचं कमलाबाईंचं पहिलं काम त्यांच्याच हाताखालचं. १९३६ची एम.एस्सी. त्यावर मिळाली. वीस वर्षांनी त्या आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा डाळींकडं वळल्या.

डाळींवर काय काम केलं? आमच्या खाण्याशी त्याचा काय संबंध?

प्रथिनं पचवायला आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, लागतं. पुष्कळशा कच्च्या कडधान्यांत या ट्रिप्सिनलाच धरून ठेवणारी प्रथिनं असतात, त्यांना ट्रिप्सिन इनहिबिटर म्हणतात. झाडाच्या बाजूनं बघा: बी खाणाऱ्याला बी पचलंच नाही तर तो पुन्हा वाटेला जाणार नाही. अमेरिकेत कुनिट्झ यांनी १९४०च्या दशकात सोयाबीनमधला असा पदार्थ स्फटिकरूपात वेगळा काढला होता. कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हेच आपल्या खाण्यातल्या पदार्थांत शोधलं, आणि १९५५ साली वाल आणि डबल बी यांतून तो स्फटिकरूपात काढल्याचं 'नेचर'मध्ये छापून आलं.

वालाचं बिरडं ही कोकणातली चैन. आमच्याकडं वालाच्या शेंगांची भाजी तेवढी. पण सोयाबीन? लातूर, नांदेड, हिंगोली, परभणी, खरिपात जिकडं बघाल तिकडं सोयाबीनच. बरेच लोक प्रथिनं वाढावीत म्हणून गव्हात मूठ-मूठ सोयाबीन टाकून दळण आणतात, आणि ते कच्चंच टाकतात. पोट फुगतं, जड वाटतं, मग "सोयाबीन आपल्याला झेपत नाही" म्हणतात. सोयाबीन आधी उकळत्या पाण्यात पंचवीस-तीस मिनिटं शिजवा, कडक उन्हात खणखणीत वाळवा, मग दळा. वरवर भाजून भागत नाही. कोंबड्यांना कच्चं सोयाबीन भरडून घालणाऱ्यांनाही हेच.

वर्गात मी हे फळ्यावर सांगत नाही, जुन्या एक्स-रे फिल्मवर दाखवते. फिल्मवरचा काळा थर जिलेटिनचा असतो आणि जिलेटिन म्हणजे प्रथिन. ट्रिप्सिनचा थेंब ठेवला की तो थर पचतो. नळाखाली धरलं की तिथं रुपयाएवढी पारदर्शक खिडकी पडते. कच्च्या सोयाबीनचं पाणी मिसळलेल्या ट्रिप्सिनचा थेंब ठेवला तर खिडकी पडत नाही. काळं ते काळंच. पहिल्यांदा बघितल्यावर पोरं फिल्म हातात घेऊन खिडकीकडं धावतात आणि त्या गोल भोकातून बाहेरचं लिंबाचं झाड बघतात.

एका वर्षी सगळंच काळं निघालं. थेंब ठेवून अर्धा तास झाला, तास झाला, खिडकी काही उघडेना. आदल्या रात्री लाइट गेलेली, फ्रिज बंद, ट्रिप्सिनचं द्रावण उन्हाळ्याच्या तोंडावर कोमट होऊन मेलेलं. प्रमुख पाहुणे समोर बसलेले. तेव्हापासून मी द्रावण करून ठेवत नाही, पूड नेते आणि तिथल्या तिथं घोळते.

नीरेवर काम केलं म्हणजे दारूवरच ना?

नाही. शिंदीच्या किंवा ताडाच्या झाडाला पहाटे मडकं लावून उतरवलेला ताजा, गोड रस ती नीरा. ऊन चढलं की हवेतले, मडक्यातले यीस्ट त्यातल्या साखरेवर तुटून पडतात आणि तिची ताडी होते. म्हणून मडक्याला आतून चुना लावतात, आंबणं लांबतं. नदीनाल्याच्या काठची शिंदीची झाडं मराठवाड्याला नवी नाहीत. निजामाच्या राज्यात तर शिंदी हे सरकारी उत्पन्नाचं मोठं साधन होतं. 'शिंदी' शब्दाला आपल्याकडं जो वास आहे, तो तिथून आलाय.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचं काम हाती घेतलं. नीरेत क जीवनसत्त्व, लोह, अ जीवनसत्त्वाचा पूर्वघटक असल्याचं त्यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर बाया यांच्या आहारात नीरा किंवा तिचा गूळ दिला तर तब्येत सुधारते, हेही पाहिलं. त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मधुमेह असलेल्यांनी मात्र माझ्या भरवशावर नीरा पिऊ नये. गोड आहे, म्हणजे साखर आहेच.

लग्नानंतर काम सोडलं का?

सोडलं नाही. यजमान मा. वि. सोहोनी व्यवसायानं ॲक्चुअरी, म्हणजे विम्याचं गणित मांडणारे. मुंबईत घर झालं म्हणून कुन्नूर सुटलं, पण विज्ञान सुटलं नाही. ही चिठ्ठी दरवर्षी मुलींकडूनच येते, अक्षरावरून कळतं. एप्रिल-मेमध्ये ज्यांची लग्नं ठरलेली असतात त्यांची असते.

संचालक व्हायला एवढा उशीर का लागला?

आतलं राजकारण. चार वर्षं त्यांना त्या पदापासून लांब ठेवलं गेलं. अखेर नेमणूक झाली तेव्हा एवढ्या मोठ्या विज्ञानसंस्थेच्या पहिल्या महिला संचालक म्हणून केंब्रिजचे तेच रिश्टर, रात्रपाळीवाले, त्यांचं कौतुक करायला विसरले नाहीत.

नोबेल का मिळालं नाही?

नोबेल न मिळालेल्या माणसांनीच तुमची सगळी पाठ्यपुस्तकं भरली आहेत.

निवृत्तीनंतर काय केलं?

आरे दुधाच्या योजनेला गुणवत्तेबाबत सल्ला देण्याचं काम त्यांनी नोकरीत असतानाच केलं होतं. पुढं भेसळीच्या मागं लागल्या. १९६६ साली मुंबईत नऊ बायकांनी मिळून कन्झ्यूमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहकांची संस्था काढली होती. कमलाबाई तिच्या कामात उतरल्या, १९८२-८३ला अध्यक्ष झाल्या, आणि संस्थेच्या 'कीमत' या नियतकालिकात ग्राहकांसाठी लिहीत राहिल्या. केंब्रिजची पीएच.डी. बाई मसाल्यात काय मिसळलंय ते सांगते आहे, हे काहींना उतरणं वाटेल. मला ते त्यांच्या प्रयोगशाळेचंच पुढचं दालन वाटतं. दुधात पिठूळ पदार्थ मिसळलाय का हे आयोडीनच्या थेंबानं कळतं, निळं पडतं. ही चाचणी आमची आठवीची पोरं करतात आणि त्या आठवड्यात गावातले दूधवाले माझ्याशी बोलत नाहीत.

१९९८ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. त्या सत्कारातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या.

मुलीला बायोकेमिस्ट्री करायची आहे. पुण्या-मुंबईलाच पाठवावं लागेल का? (एक पालक)

दादा, त्यासाठी पुणं-मुंबईच पाहिजे असं नाही. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात हा विभाग आहे. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात जीवशास्त्र संकुल आहे. अन्नाकडं ओढा असेल तर परभणीच्या कृषी विद्यापीठाचं अन्नतंत्र महाविद्यालय बघा. प्रवेशाच्या तारखा दरवर्षी हलतात, त्या तिथंच विचारा. आणि तुमची मुलगी त्या दिवशी मागच्या रांगेत बसून सगळं लिहून घेत होती. तिलाही एकदा विचारा.

एक्स-रे फिल्मचा प्रयोग आमच्या शाळेत करायचा आहे. काय लागेल?

जुनी, पाण्यात धुऊन काढलेली काळी फिल्म. नव्या डिजिटल मशीनमधून निघते तिच्यावर हा प्रयोग होत नाही, दोनदा हात पोळून घेतलेत. घराघरांत गादीखाली, कपाटावर आजी-आजोबांच्या गुडघ्याच्या जुन्या फिल्म सापडतात. नाव-गाव असलेला कोपरा कापून टाका.

ट्रिप्सिनची पूड जिल्ह्याच्या गावी लॅबचं सामान विकणाऱ्याकडं मागवून मिळते. पपईचा चीक वापरू नका. तो जिलेटिन पचवतो खरा, पण त्यातलं विकर वेगळ्या जातीचं, सोयाबीनला जुमानत नाही. मग दोन्हीकडं खिडकी पडते आणि पोरं म्हणतात मॅडम खोटं बोलल्या.

वाटीभर पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा, त्यात ट्रिप्सिन. सोयाबीनचं पीठ तासभर पाण्यात भिजवून फडक्यानं गाळा. त्यातलं अर्धं पाणी अर्धा तास उकळून गार करा. आता चार थेंब एका रांगेत: नुसतं सोड्याचं पाणी, नुसतं ट्रिप्सिन, ट्रिप्सिन आणि कच्चं पाणी, ट्रिप्सिन आणि उकळलेलं पाणी. मिसळलेलं दहा मिनिटं ठेवून मगच थेंब टाका. वीस-पंचवीस मिनिटं ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा, नाहीतर मार्चच्या हवेत थेंब वाळून जातो. मग नळाखाली हलक्या धारेत धरा, घासू नका.

दुसऱ्या थेंबाखाली स्वच्छ खिडकी पडेल, चौथ्याखाली जराशी धूसर. पहिला आणि तिसरा काळाच राहील. तिसरा का काळा राहिला हे मुलांनाच विचारा, आणि पहिला थेंब कशाला ठेवला हेही.